ट्यूबची ओळ आणि तिसरी तार



गावात सोसायटीची नवी इमारत उभी राहिली, शाळेच्या सभागृहाला छत झाले, किंवा पेठेतल्या एखाद्या दुकानदाराने रात्री उजळणारी पाटी करवून घेतली, की तिथे ट्यूबच्या दिव्यांची ओळ हटकून येते. एक पट्टी दुसरीला जोडलेली, दुसरी तिसरीला, अशी थेट भिंतीच्या टोकापर्यंत. बटण दाबले की सारी ओळ उजळते आणि पाहणारा म्हणतो, काम झकास झाले!

आज मला आपल्यापुढे एवढेच मांडायचे आहे की, ओळ उजळली म्हणजे काम पुरे झाले असे नाही. या ओळीतून तीन तारा जायला हव्यात. त्यांतल्या दोन नीट असल्या की उजेड पडतो. तिसरी तुटलेली असली, किंवा मुळात घातलेलीच नसली, तरी उजेड तसाच लख्ख पडतो. आणि माणसाचा जीव मात्र त्या तिसऱ्या तारेवर असतो.

कोणी म्हणेल, आता ट्यूबचे दिवस सरले, एलईडीचा जमाना आला. खरे आहे. पण जुन्या पट्ट्या अजून पुष्कळ शाळांतून, सभामंडपांतून टांगलेल्या आहेत. शिवाय एलईडीच्या पट्ट्यासुद्धा तशाच एकमेकींना जोडून ओळीने लावतात. दिवा बदलला तरी ओळीचा कायदा बदललेला नाही.

आधी एकच ट्यूब घेऊ. काचेच्या नळीच्या दोन्ही टोकांना टंगस्टनच्या तारेची बारीक वेटोळी असतात. नळीत अगदी कमी दाबाचा आर्गॉन वायू आणि चिमूटभर पारा असतो. वीज सुरू झाली की पाऱ्याची वाफ प्रकाशते. पण हा प्रकाश बहुतेक अतिनील, म्हणजे जांभळ्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा असतो. नळीला आतून जी पांढरी भुकटी फासलेली असते ती हा न दिसणारा प्रकाश पिते आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकते. जुन्या काचेच्या बल्बमध्ये विजेचा बहुतेक भाग उष्णतेत वाया जातो. ट्यूबमध्ये ही नासाडी कमी होते. म्हणून चाळीस वॉटची ट्यूब चाळीस वॉटच्या बल्बच्या पाच-सहा पट उजेड देते. अमेरिकेत जॉर्ज इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दिवा व्यवहारात आणला. १९३८ मध्ये तो विक्रीला आला आणि १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांनी तो पाहिला.

ट्यूबला एक खोड आहे. आतली वाफ एकदा पेटली की ती जास्तीत जास्त वीज ओढू पाहते. मोकळे सोडले तर नळी क्षणात खलास होईल. म्हणून तिच्या मार्गात लगाम घालावा लागतो. तोच आपला चोक, म्हणजे लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे. शेजारचा स्टार्टर सुरुवातीला टोकांची वेटोळी तापवून देतो आणि मग बाजूला होतो. तो बाजूला होताना चोकमधून विजेचा एक जोरकस झटका येतो आणि नळी पेटते. ट्यूब आधी दोन-चारदा लुकलुकते, ती याचमुळे.

आता या नळ्यांची ओळ का करतात ते पाहू. बल्ब एका ठिपक्यातून उजेड फेकतो, ट्यूब एका रेषेतून. रेषेला रेषा जोडता येते, म्हणून पाटीला आणि छताला ट्यूब सोयीची. पण यातही थोडा विचार लागतो. ट्यूबच्या दोन्ही टोकांना टोप्या असतात आणि तिथे उजेड नसतो. पाटीच्या पेटीत ट्यूब टोकाला टोक लावून बसवल्या की प्रत्येक सांध्यावर काळा डाग दिसतो आणि नेमके एखादे अक्षर अंधारात जाते. यावर उपाय सोपा. ट्यूब थोड्या वरखाली बसवून त्यांची टोके एकमेकींच्या पुढे चार-सहा बोटे जाऊ द्यावीत. तसेच दोन ओळींमधले अंतर हे ट्यूब आणि पुढचा दुधी पत्रा यांच्यातल्या अंतराहून फार जास्त नसावे. जास्त झाले की पाटीवर उजळ आणि काळपट असे पट्टे उमटतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गाच्या छताला ट्यूब लावायच्या तर ओळी खिडकीच्या भिंतीला समांतर ठेवा आणि प्रत्येक ओळीला स्वतंत्र बटण द्या. दिवसा खिडकीजवळची ओळ बंद ठेवून फक्त आतली लावता येते. वीज वाचते आणि उजेड सगळ्या मुलांना सारखा मिळतो.

आता मूळ मुद्दा, या पट्ट्या एकमेकींना जोडतात कशा? दिवाळीत आपण जुन्या पद्धतीची लहान दिव्यांची माळ लावत असू. त्या माळेत वीज एका दिव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी जात असे. एक दिवा गेला की सगळी माळ विझे. याला एकसर जोडणी म्हणतात. ट्यूबची ओळ दिसायला माळेसारखी असली तरी तिची जोडणी तशी नसते. तिथे फेज आणि न्यूट्रल या दोन तारा ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जातात आणि प्रत्येक ट्यूब या दोन तारांमध्ये आपापली बसते. जणू रहाटाच्या पाटातून दोन्ही बाजूंच्या वाफ्यांना पाणी द्यावे तसे. एका वाफ्याचे दार बंद केले तरी पुढच्याला पाणी मिळतेच. ही समांतर जोडणी. एक ट्यूब गेली तरी बाकीच्या चालू राहतात.

पण पाटाचीच गोष्ट पुढे नेऊ. शेवटच्या वाफ्याचे पाणीसुद्धा पाटाच्या तोंडातूनच यायचे असते. ओळीतही तसेच आहे. पहिल्या सांध्यातून साऱ्या ओळीची वीज जाते. म्हणून ओळ वाढवताना हिशेब करायला हवा, आणि हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही.

समजा, सभागृहात चाळीस वॉटच्या सोळा ट्यूब आहेत. आपण गुणाकार करतो. सोळा चोक चौसष्ट, म्हणजे सहाशे चाळीस वॉट. त्याला दोनशे तीस व्होल्टने भागले की पावणेतीन अँपिअरच्या थोडे वर येते. मग आपण म्हणतो, पाच अँपिअरचे बटण पुष्कळ झाले. पण प्रत्यक्षात तांब्याचा चोक असलेली एक ट्यूब सुमारे ०.४३ अँपिअर प्रवाह घेते. सोळा ट्यूबचे झाले जवळजवळ सात अँपिअर! वाढीव प्रवाह आला कुठून? चोक वीज खातो, पण थोडीच. बाकीचा प्रवाह चोक आणि वीजवाहिनी यांच्यात नुसता ये-जा करीत राहतो. उजेडाला त्याचा उपयोग नाही, पण तारा मात्र त्यानेही तापतात. प्रत्येक पट्टीत योग्य मापाचा कंडेन्सर बसवला तर ही ये-जा पट्टीतल्या पट्टीत मिटते आणि साऱ्या ओळीचा प्रवाह चार अँपिअरच्या आसपास येतो. वीस वॉटच्या चांगल्या एलईडी ट्यूब लावल्या तर एकेकीला साधारण एक दशांश अँपिअर पुरतो, म्हणजे सोळांना दीड-पावणेदोन. म्हणून एकमेकींना जोडायच्या तयार पट्ट्या घेताना, जास्तीत जास्त किती पट्ट्या एका ओळीत चालतील हे कारखान्याने लिहिलेले असते ते वाचावे आणि त्याच्या पुढे जाऊ नये. पुढे गेले तर पहिला सांधा तापतो, त्याचे प्लास्टिक मऊ पडते आणि आगीची सुरुवात तिथेच होते.

आता तिसरी तार. हिरव्या रंगाची, अर्थिंगची.

पट्टी पत्र्याची असते, पाटीची चौकट लोखंडाची असते. चोकच्या उष्णतेने, उंदरांनी कुरतडल्याने किंवा पावसाचे पाणी शिरल्याने फेजच्या तारेवरचे वेष्टण कधीतरी उघडे पडते आणि तार पत्र्याला टेकते. त्या क्षणी सारा पत्रा जिवंत होतो. पत्र्याला अर्थिंगची तार जोडलेली असेल तर वीज त्या वाटेने जमिनीकडे धावते, प्रवाह एकदम वाढतो, फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते, आणि धोका टळतो. अर्थिंग नसेल तर काय होते? काहीच होत नाही. ट्यूब जळत राहते, पाटी चमकत राहते. वीज पत्र्यावर वाट पाहत बसते. मग कोणी शिडी लावून पाटी पुसायला चढतो, किंवा पावसात भिजलेला मुलगा चौकटीच्या खांबाला धरून उभा राहतो, आणि विजेला जमिनीची वाट त्याच्या अंगातून सापडते.

ओळीत हा धोका वाढतो, तो असा. समजा, दहा पट्ट्यांची ओळ आहे आणि चौथ्या सांध्यात अर्थिंगची तार निसटली. पहिल्या चार पट्ट्या सुरक्षित राहिल्या, पुढच्या सहा उघड्यावर पडल्या. आणि दुखणे एकीपुरते राहत नाही. त्या सहांपैकी कोणत्याही एकीत दोष आला की सहाही पत्रे एकदम जिवंत होतात, कारण आपापसांत ते अजून जोडलेलेच असतात. बरे, हे सांगणार कोण? दिवे दहाही लागलेले असतात! फेज तुटली तर अंधार होऊन कळते. न्यूट्रल तुटली तरी कळते. अर्थिंग तुटल्याचे मात्र काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी. ओळीचे काम पुरे झाल्यावर बटण दाबून समाधान मानू नका. परवाना असलेल्या वायरमनला म्हणा, "भाऊ, शेवटच्या पट्टीच्या पत्र्यापासून मुख्य अर्थिंगपर्यंत मीटर लावून दाखवा." वीज बंद करून घ्यायची ही तपासणी पाच-दहा मिनिटांची आहे. पहिली पट्टी तपासून भागत नाही. शेवटची तपासली पाहिजे. आणि पत्र्याला टेस्टर लावून तो पेटला नाही, एवढ्यावर विसंबू नका. आज पत्र्यात वीज उतरलेली नाही एवढेच त्यातून कळते. उद्या उतरली तर तिला वाट आहे की नाही, हे टेस्टर सांगत नाही.

दुसरी गोष्ट, अर्थिंगच्या खड्ड्याची. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी ठाक पडते आणि तशी जमीन विजेला वाट द्यायला तयार नसते. समजा, खड्ड्याचा रोध पन्नास ओहम झाला. दोनशे तीसला पन्नासने भागा, साडेचारच्या थोडे वर अँपिअर आले. एवढ्या प्रवाहाने सहा अँपिअरची एमसीबी पडत नाही. म्हणजे अर्थिंग असूनही पत्रा जिवंतच राहिला. म्हणून खड्ड्यात पाणी घालण्याचा जुना रिवाज सोडू नये, आणि खड्ड्याचा रोध अधूनमधून मोजून घ्यावा.

यासाठीच तिसरी गोष्ट सांगतो. मुख्य बोर्डावर तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. ती गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा मेळ घालीत असते. परतीत तीस मिलिअँपिअरची तूट आली की ती वीज तोडते. साधारण एवढ्यापासूनच पुढचा प्रवाह माणसाच्या जिवाला घातक ठरू शकतो. एका ट्यूबमधून ०.४३ अँपिअर, म्हणजे चारशे तीस मिलिअँपिअर वाहतात. एका ट्यूबच्या प्रवाहाचा चौदावा हिस्सा माणसाला पुरेसा आहे! फ्यूज आणि एमसीबी तारेला वाचवतात; माणसाला वाचवण्यासाठी आरसीसीबी लागते. तिच्यावर तपासणीचे एक बटण असते. वीज चालू असताना ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर ती पडली पाहिजे. पण आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग नको, असे मात्र समजू नका. अर्थिंग असेल तर दोष आल्याबरोबर वीज तुटते. नसेल तर कोणाचा तरी हात लागेपर्यंत आरसीसीबीला दोषाची खबरच लागत नाही.

चौथी गोष्ट बटणाची. बटण फेजच्या तारेवर हवे. चुकून न्यूट्रलवर बसवले तर पाटी विझते, पण आतली वीज तशीच राहते. अशा पाटीला "बंद आहे" म्हणून हात लावणे म्हणजे निजलेल्या सापाला दोर समजणे. बटण बंद असूनही अंधारात ट्यूबची टोके मंद मंद चमकत असतील, तर आधी हाच संशय घ्या आणि जोडणी तपासून घ्या.

उघड्यावरच्या पाटीसाठी पेटी पावसाळी कामाची हवी. विकत घेताना आयपी पासष्ट असा आकडा पाहा. त्यातला सहा म्हणजे आत धूळ शिरत नाही आणि पाच म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला ती दाद देत नाही.

गिरणीवाल्यांना आणि कडबाकुट्टी चालवणाऱ्यांना एक वेगळी सूचना. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि साध्या चोकवरच्या ट्यूबचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही. पण चाकाच्या फेऱ्यांचा आणि या लुकलुकीचा मेळ बसला, तर वेगाने फिरणारे चाक थांबल्यासारखे किंवा उलटे फिरल्यासारखे दिसते. त्यात हात गेला की संपले. अशा जागी साध्या चोकची एकटी ट्यूब लावू नये. इलेक्ट्रॉनिक चोक वापरावा, किंवा जिथे तीन फेज आहेत तिथे शेजारशेजारच्या ओळी वेगवेगळ्या फेजवर घ्याव्यात. म्हणजे एकीचा उजेड उतरला की दुसरीचा चढलेला असतो.

जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना घाई नको. त्या एकाच पद्धतीच्या नसतात. काहींना एकाच टोकाला फेज व न्यूट्रल द्यावे लागते, काहींना दोन टोकांना. त्यासाठी पट्टीतला चोक आणि स्टार्टर काढून आतली जोडणी बदलतात. अशा बदललेल्या पट्टीत उद्या कोणी कपाटातली जुनी ट्यूब घातली तर चोकचा लगाम नसतो. शॉर्टसुद्धा होऊ शकतो. दोन टोकांच्या जातीत आणखी एक भय आहे. एक टोक होल्डरमध्ये बसवले आणि दुसरे हातात राहिले, तर हातातल्या पिनांत वीज उतरू शकते. तेव्हा मुख्य स्विच बंद केल्याशिवाय ट्यूब बदलू नये, आणि बदललेल्या पट्टीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे: "फक्त एलईडी".

मग काढलेल्या ट्यूबचे काय करायचे? उकिरड्यावर टाकू नका, मुलांना खेळायला देऊ नका. एका ट्यूबमध्ये पारा असतो काही मिलिग्रॅमच, पण पारा हे विष आहे. जपानमधल्या मिनामाता गावी कारखान्याच्या सांडपाण्यातून पारा समुद्रात गेला, माशांत साठला आणि मासे खाणाऱ्या माणसांची मज्जासंस्था त्याने खिळखिळी केली. १९५६ मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली. त्याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१८ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. २०२३ च्या बैठकीत करारातल्या देशांनी लांब नळीच्या ट्यूबचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले. आपल्याकडच्या ई-कचऱ्याच्या नियमांतही या दिव्यांचा समावेश आहे. म्हणून जुन्या ट्यूब त्यांच्याच पुठ्ठ्याच्या खोळीत घालून ठेवाव्यात आणि अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्याव्यात.

वर्गात एखादी ट्यूब फुटलीच तर मुलांना बाहेर काढा, पंखा बंद करा, खिडक्या उघडा आणि पंधरा मिनिटे थांबा. नंतर जाड पुठ्ठ्याने काचा व भुकटी गोळा करून झाकणाच्या बरणीत भरा. झाडू मारू नका. झाडूने पारा आणि भुकटी सगळीकडे पसरते. उरलेली भुकटी ओल्या कागदाने टिपून घ्या आणि तो कागदही त्याच बरणीत टाका.

गुरुजी आणि बाई, आपल्यासाठी एक प्रयोग सुचवतो. बॅटरीचे दोन सेल, तीन लहान बल्ब आणि थोडी तार घ्या. घरच्या विजेला हात लावायचा नाही. आधी बल्ब माळेसारखे एकसर जोडा आणि एक काढून घ्या, सगळे विझतील. मग समांतर जोडा आणि एक काढा. दोन जळत राहतील. त्यानंतर तिथेच एक तिसरी तार अशी ठेवा की जी कोणत्याही बल्बला वीज देत नाही. मुलांना विचारा, "ही तार मी मधोमध कापली तर काय होईल?" मुले म्हणतील, काहीच नाही. कापून दाखवा. बल्ब जळतच राहतील. मग त्यांना सांगा की, छतावरच्या हिरव्या तारेचेही असेच असते, आणि म्हणूनच तिची चौकशी आपण मुद्दाम करायची असते.

पुढच्या ग्रामसभेत किंवा शाळा समितीच्या बैठकीत ट्यूबचा, पाटीचा खर्च मंजुरीला येईल, तेव्हा किती ट्यूब आणि किती वॉट हे तर विचाराच. त्याबरोबर एवढेही विचारा की, शेवटच्या पट्टीचे अर्थिंग कोणी, कधी तपासले? त्याचे उत्तर वहीत लिहून, खाली सही घेऊन ठेवा.